पुदिन्याची बाटली

दंडावरचा पट्टा सुटला, पण डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची आठी काही सुटेना. "महिनाभर रोज बीट खाऊनही तुमचं प्रेशर चढलेलंच, काका. आणि काकूंचंही!"

"दोघंही वाटीवाटी कोशिंबीर खातो हो," श्रीधरपंत कुरकुरले.

"जिभेवरचे जंतू बिटावर काम करतात, तेव्हा कुठे त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. ते जंतू मारणारं माउथवॉश वापरत नाही ना?"

पंतांनी चोरून बायकोकडे पाहिलं. चातुर्मासात घरी कांदा वर्ज्य. म्हणून ते देवदर्शनाच्या नावाखाली नाक्यावर कांदाभजी हाणत आणि घरी आल्या आल्या न्हाणीघरात लपवलेल्या पुदिन्याच्या माउथवॉशनं चुळा भरत.

"वापरतो," ते पुटपुटले. "भजीचा वास लपवायला." डोळे मिटून ते बायकोच्या भडिमाराची वाट पाहू लागले.

शेवटी त्यांनी एक डोळा उघडला. वळून पाहिलं, तर कुमुदिनीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"दुपारी हे झोपले की मी शेजारी जाते," त्या हळूच म्हणाल्या. "कांद्याचं थालीपीठ खायला."

पंत खो खो हसत सुटले. "तरीच म्हटलं, बाटली इतक्या लवकर संपते कशी!"