परेशचा शब्द

“आला बघा! आज पुन्हा आला!” मनोरमाने मोबाईल थेट शांतारामच्या ताटावर धरला. पडद्यावर बादलीत बसलेलं एक मांजर होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘फुल भरती’. “आपला परेशच हो! हा शब्द दुसरं कोण लिहिणार?” शांतारामने मान हलवली आणि घास कसाबसा गिळला.

शब्द परेशचाच, यात वाद नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर तो आणि त्याचे मित्र रॅप करायचे. जमलं की ‘फुल भरती’, फसलं की ‘सुकी ओहोटी’. व्हिडिओ काढून नेटवर टाकायचे. मुंबईच्या रॅपवाल्या पोरांनी तो शब्द उचलला, स्टेजवर म्हटला, पब्लिकने शिट्ट्या मारल्या. तिथून तो मीमवाल्यांच्या हाती लागला आणि मग काय विचारता! लग्नातल्या पंगतीवर फुल भरती, नापासाच्या निकालावर फुल भरती. आणि इकडे ज्याने तो काढला, त्या पोराचा पत्ता नव्हता. दिवाळीत घर सोडून गेला होता, आता चिकूचा दुसरा बहर आला तरी फोन बंदच.

भांडण झालं तेही याच शब्दावरून. शांताराम डहाणू रोड स्टेशनात तिकीट खिडकीवर. माणूस सरळ, पण राग नाकावर. “ही टपोरी भाषा माझ्या घरात नको,” तो ओरडला होता. “पुन्हा तो शब्द काढलास तर बाहेर हो!” परेशने बापाच्या डोळ्याला डोळा भिडवला, “फुल भरती” म्हणाला आणि चपला घालून चालता झाला. वय वर्षं वीस. मित्रांना माहीत नाही, नातेवाइकांना माहीत नाही. पोलिसांत तक्रार दिली, फोटो दिला.

रेल्वेतल्या माणसाला रुळांवर काय काय सापडतं ते ठाऊक असतं. ओळखीचा हवालदार मधूनच फोन करायचा, “साहेब, एकदा बघून जा.” बायकोला ड्युटी लागली सांगून शांताराम जायचा. चादर उचलली जायची. परेश नसायचा. दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा असायचा. आपला नाही म्हणून बरं वाटायचं आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटायची.

अशात शेजारच्या नीलमने घोळ घातला. कॉलेजातली पोर, मनाने चांगली, पण तोंडात तीळ भिजत नाही. “काकू, हे परेश नाही टाकत हो. शब्द एकदा पसरला की कुणीही वापरतं. हे मांजरवालं पेज नागपूरचं आहे.”

मनोरमाने मोबाईल उशीखाली ठेवला आणि जेवण सोडलं. चहा पुढे करावा तर तो तसाच गार व्हायचा. शांतारामला वाटलं, पोरगा गेलाच, आता ही पण हातची जाते की काय! दुपारी त्याने नीलमला गाठलं. “तू बिघडवलंस, आता तूच निस्तर.” किनाऱ्यावर जाऊन त्याने स्वतः समुद्राचा फोटो काढला होता. त्यावर काय लिहायचं तेही त्यानेच सांगितलं. ‘आई, इकडे फुल भरती. काळजी नसावी.’

“काका, असंच लिहू?” नीलमने विचारलं.

“असंच.” ‘फुल भरती’ हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून बाहेर पडला होता. नीलमने एक खोटं नाव घेऊन मीम नेटवर टाकलं आणि काकूला पाठवलं.

मनोरमाने ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उठली, भाताला आधण ठेवलं, दोन घास जेवली आणि पाठवायला बसली. महिला मंडळात पाठवलं, वापीच्या मावसभावाला पाठवलं, झाईच्या रूपी कोळणीला पाठवलं. दूधवाल्यालाही सोडलं नाही. “पुढे पाठवा हं, थांबवू नका!” प्रत्येकाला तेच. दिवसचे दिवस हेच चाललं. तिच्या तोंडावर तरतरी आली, आणि तिला बघून शांतारामला मेल्याहून मेल्यासारखं होई. उद्या खरं कळलं तर?

मग हवालदाराचा पुन्हा फोन आला. या खेपेला पोराचे केस, उंची, सगळं तसंच. चेहरा मात्र परेशचा नव्हता. बाहेर येऊन शांताराम पायरीवर बसला आणि हमसून हमसून रडला. घरी आला तर मनोरमा मोबाईल घेऊन बसलेली. आता त्याला सहन होईना.

“मनोरमा, पुरे कर. ते परेशने नाही लिहिलेलं. मी लिहिलंय.”

“ठाऊक आहे,” मनोरमाने मानही वर केली नाही. “वीस वर्षांचं पोर ‘काळजी नसावी’ लिहितं होय?”

“मग गावभर का पाठवत सुटलीस?”

“मला कळलं, तसं त्यालाही कळेल,” ती म्हणाली आणि तिचं बोट पुढच्या नावावर गेलं. “ज्या शब्दासाठी पोराला बाहेर काढलंत, तो तुम्ही स्वतः लिहिलात. कुठे असेल तिथे हे त्याच्यापर्यंत पोचायला नको?”