नाकातले नमुने

भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात एका महिन्यात सहा कुत्र्यांच्या साध्या जखमा चिघळून अंगावर चट्टे उठले, आणि निवारा चालवणाऱ्या ताईंचा संशय थेट नव्या झाडूवाल्यावर गेला. तो आला आणि हे सुरू झालं, त्यातून गडी सारखा नाक ओढायचा! ताईंनी त्याला पिंजऱ्यांपासून लांब ठेवलं, त्याचा टॉवेलसुद्धा वेगळा केला, आणि दिवसभर डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पाळत ठेवली.

चट्टे तपासून प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "हे जंतू नाकात दडून बसतात, कुत्र्यांच्या तसे माणसांच्याही. सगळ्यांचेच नमुने घेऊ."

"आधी याचं नाक तपासा," ताई ठसक्यात म्हणाल्या.

आठवड्याने डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले, तेव्हा ताई एका लंगड्या कुत्रीला मांडीवर घेऊन तिच्या चट्ट्यांना मलम लावत होत्या.

"झाडूवाल्याच्या नाकात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "चट्ट्यांतले जंतू सापडले ते तुमच्या नाकात, ताई. पण तिथून ते कुत्र्यांच्या जखमांपर्यंत पोचले कसे, तेच कळत नाही."

 

मलम झोंबू नये म्हणून रोजच्यासारखी फुंकर घालायला वाकलेल्या ताई तशाच थांबल्या.