तीस मिनिटांच्या आत

"तीस मिनिटं चार सेकंद," बायको फाटकाशी उभी राहून म्हणाली.

काटेसाहेब कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते. तोंडातून वाफ निघत होती. चार सेकंद. काल सात होते, परवा तीन.

"नाक पुसायला थांबलो ना," ते म्हणाले. "दोन तिथे गेले. उरलेले दोन कोपऱ्यावरच्या कुत्र्याने खाल्ले. रोज ओळख दाखवायला येतो."

"मग उद्या नाक पुसू नका. आणि ओळख देऊ नका," बायको म्हणाली आणि घड्याळ शालीत घेऊन आत गेली.

साहेब म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले, खोटी मापं जप्त केली. म्हणून गल्ली त्यांना काटेसाहेब म्हणायची. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हिवाळाभर रोज पळा, नाहीतर रोज पोटात सुई. सुईला साहेब लहान मुलासारखे घाबरत. तरीही मागच्या दोन वर्षी पहिली थंडी पडताच त्यांचं पळणं रजईत शिरलं होतं. यंदा त्यांनी स्वतःच अट घातली. तळ्याला दोन फेऱ्या मारून तीस मिनिटांच्या आत फाटकाला हात लावला, की आपण ठणठणीत. त्या दिवसापासून पळणं बंद. डॉक्टरांना ही अट मान्य नव्हती. पण साहेबांचा शब्द म्हणजे शिक्का. एकदा उठला की पुसायचा नाही.

सुरुवातीला अडतीस मिनिटं लागली. मग पस्तीस, मग एकतीस. आणि ऐन कडाक्यात गाडं तीसवर येऊन रुतलं. रोज हाताशी आल्यासारखं वाटायचं आणि रोज निसटायचं.

साहेब पेटले. गजर वाजायच्या आधी उठू लागले. अंथरुणातच पाय झाडू लागले. वजन कमी व्हावं म्हणून खिशातल्या किल्ल्या घरी ठेवल्या. मग मफलर ठेवला. मग एके दिवशी कवळीही वाटीत काढून ठेवली आणि बोळक्या तोंडाने तळ्याभोवती धावून आले. तीस मिनिटं दोन सेकंद. शेवटी त्यांनी तिशीपासून जपलेली मिशी उतरवली. वारा तिच्यात अडकतो, असं त्यांचं म्हणणं. बायको दोन दिवस त्यांच्याकडे बघायची आणि स्वयंपाकघरात जाऊन हसायची.

त्याच आठवड्यात लेक राहायला आली. तिने आपलं मनगटी घड्याळ बाबांच्या हाताला बांधलं.

"निघताना हे बटण दाबायचं आणि पोचलात की परत दाबायचं. एवढंच," ती म्हणाली.

साहेब पळून आले. फाटकाला हात लावला.

"तीस मिनिटं सहा सेकंद," बायको म्हणाली.

मनगटावर सव्वीस मिनिटं अकरा सेकंद होते.

"तुझं घड्याळ बिघडलंय," साहेबांनी लेकीला सांगितलं. "चार मिनिटं खातंय."

"बाबा, नवीन आहे ते."

"नवीन आहे म्हणून काय झालं? नव्या तराजूंनीच मला जास्त फसवलंय."

त्यांनी दोन्ही घड्याळं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि एकदमच चालू केली. तिघं भोवती बसून राहिले. दहा मिनिटं झाली. एका सेकंदाचा फरक पडला नाही.

साहेबांचं जुनं डोकं जागं झालं. तराजू खरा निघाला, की तो धरणारा हात बघायचा. त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. हात हळूच शालीत गेला.

"किती दिवस चाललंय हे?" दुकानदाराला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"तुम्ही पहिल्यांदा तीसच्या आत आलात तेव्हापासून."

"म्हणजे कधीपासून?"

"मिशीच्या बऱ्याच आधीपासून."

लेकीने उशी तोंडावर धरली. तिचे खांदे हलत होते.

"आणि करत काय होतीस?"

"तुम्ही बूट घालायला बसता, तेव्हा मी चहाचं आधण ठेवते. हल्ली बटण तेव्हाच दाबते," बायको म्हणाली. "खरं सांगितलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी रजईत. अजून दीड महिना हिवाळा आहे. आणि ती सुई टोचायची कोणी? मीच ना? तुम्ही ओरडणार आणि मी रडणार." तिने शाल आवळून घेतली. "आता कळलंच आहे तर झोपा उद्यापासून. तुमचा शब्द म्हणजे शिक्का."

चौतीस वर्षांत साहेबांनी मापात कमी घालणारे शेकडो पकडले होते. जास्त घालणारं माणूस पहिल्यांदाच सापडत होतं, आणि तेही आपल्याच घरात. मग मनगटावरचा आकडा त्यांच्या डोक्यात नीट शिरला. सव्वीस मिनिटं. सहासष्टाव्या वर्षी, भर थंडीत, सव्वीस मिनिटं. पोटातून हसू वर आलं. ते उठले, टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि जागच्या जागी दोन उड्या घेतल्या. कपाटातल्या बश्या वाजल्या.

मग त्यांनी लेकीचं घड्याळ लेकीला देऊन टाकलं. दुसरं उचलून बायकोच्या हातात ठेवलं.

"पंचवीसच्या आत आलो की बंद," ते म्हणाले. "आधण जरा लवकर ठेवत जा."