संतापाचं कुलूप

“हे फोल्डर आपण संतापात बंद केलं आहे. ते संतापातच उघडेल. सध्या आपण आनंदात आहात. क्षमस्व,” कॉम्प्युटर तिसऱ्यांदा म्हणाला आणि स्नेहलताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

नातीची हळद तासाभरावर आली होती, आणि त्यांच्या आईने गायलेली हळदीची गाणी नेमकी त्याच फोल्डरमध्ये होती. आईच्या मागे धाकट्या बहिणीने, मेघाने, तिचा पितळी खलबत्ता परस्पर उचलून नेला, त्या दिवशी ताईंनी रागाच्या भरात ते बंद केलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. आता तीच मेघा शेजारी बसून त्यांना चिडवायला बघत होती.

“ताई, तुझ्या कटाच्या आमटीला चव नसते.”

“नसते गं,” म्हणत ताई खदखदून हसल्या. घरात लग्न असताना राग आणायचा तरी कुठून?

मेघा जरा घुटमळली. “खरं सांगू? खलबत्त्यात मी मनीप्लांट लावलाय.”

“काय? आईच्या खलबत्त्यात माती?” ताई ताडकन उठल्या. “लाज नाही वाटली, भवाने?”

फोल्डर उघडलं. आईचा खणखणीत आवाज घरभर घुमला, आणि ताई शिव्या विसरून कॉम्प्युटरकडे वळल्या.

मेघाने पिशवीतून चिंचेने घासून लखलखीत केलेला खलबत्ता काढला आणि त्यांच्या हातात दिला. “कसला मनीप्लांट! तुझाच आहे, घे.”

गाणी संपल्यावर कॉम्प्युटरने विचारलं, “पुन्हा कुलूप लावू?”

“लाव की,” डोळे पुसत ताई म्हणाल्या. “पण थांब, आधी मेघाला माझ्याजवळ सरकू दे. या वेळी कुलूप मायेचं लागू दे.”