सांबरासाठी पेरलेलं

तिसऱ्या संध्याकाळी रेखाताईंनी ब्रेडचं पाकीट दूर सारलं आणि सुनेकडे हिंगाची डबी मागितली.

"आई, फक्त आजचा दिवस," यतीन कुजबुजला. शुक्रवारपासून तो कुजबुजतच होता. "फोडणीचा वास खाली गेला की संपलं सगळं."

खाली म्हणजे डोंगरातल्या लाकडी केबिनच्या खिडकीसमोर, उतार जिथे जंगलाला टेकतो तिथे. तिथे यतीनने अर्धा एकर ओट आणि क्लोव्हरचा चारा पेरला होता. स्वतःसाठी नाही, गाईगुरांसाठीही नाही, सांबरांसाठी. कधीकाळी गोऱ्या साहेबांनी बोटीतून आणून सोडलेली आपल्याकडचीच सांबरं ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या ह्या डोंगरांत चांगली नांदतात म्हणे. म्हणे अशासाठी, की दोन वर्षं वीकेंडला मेलबर्नहून येऊन यतीनने चुना टाकला, खत टाकलं, काटेरी तण हाताने उपटलं, पण त्याला एकही दिसलं नव्हतं. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात आजवर सापडलं ते एवढंच: बिळात राहणारा एक गुबगुबीत वॉम्बॅट, बायकोचे गमबूट आणि कशाचा तरी अर्धा कान.

उद्या रेखाताईंचं परतीचं विमान होतं. त्यांचे गुडघे बघता त्या पुन्हा एवढ्या लांब येतील असं कुणालाच वाटत नव्हतं, फक्त तसं कुणी बोलत नव्हतं. जाण्याआधी आईला एकदा सांबर दाखवायचं, ह्या एका गोष्टीने यतीनला पछाडलं होतं. इतकी वर्षं इथे काय केलं म्हणून दुसरं दाखवणार तरी काय? ऑफिस लॅपटॉपमध्ये, घर चारचौघांसारखं. म्हणून तीन दिवस गॅस बंद, उदबत्ती बंद, अंधार पडला तरी दिवा नाही, आणि जेवायला ब्रेड-चीज.

"घरात सुतक असल्यासारखं चाललंय," रेखाताई म्हणाल्या. "पेरायचं तुम्ही, खुरपायचं तुम्ही, वर उपासही तुम्हीच करायचा. आणि खाणारा कोण, तर ज्याचं तू तोंडसुद्धा बघितलं नाहीस."

"येतात गं. ती जाळी बघ ना."

वाफ्याच्या मधोमध त्याने तारेच्या जाळीचं एक गोल कुंपण उभं केलं होतं. त्याच्या आतला ओट गुडघाभर वाढला होता, आणि बाहेरचा कुणीतरी खाऊन चार बोटांवर आणला होता.

"ससे असतील," असं म्हणून रेखाताईंनी गॅस पेटवला. "उद्या विमानात थंडगार खायचंच आहे. आज मला वरण-भात हवा."

यतीनने आशेने कौमुदीकडे बघितलं. कौमुदीने नवऱ्याची नजर चुकवली आणि कुकर काढला. तीन दिवस ब्रेड खाल्लेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची?

शिट्ट्या झाल्या. मग मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि लाल मिरचीचा असा काही ठसका उठला की तिघंही खोकत सुटले. खिडकी उघडावी लागली. वारा नेमका उताराकडेच वाहत होता. यतीन डोकं धरून बसला. दोन वर्षांची मेहनत पातेलंभर वरणात बुडाली होती. बऱ्याच वेळाने तो उठला, दिवा लावला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "वाढ आता. तूप तरी आणलंय का?"

तूप आणलं होतं, लिंबू राहिलं होतं. लिंबू कोण विसरलं यावरून नवरा-बायकोचं रीतसर जुंपलं. रेखाताई दोघांना आळीपाळीने समजावत भात कालवत होत्या. मध्येच कौमुदी बोलायची थांबली.

"यतीन," ती म्हणाली, "बाहेर बघ."

सांबर आलं असं म्हणता येणार नाही. उतारावर काही नव्हतं, आणि मग ते होतं. नर होता, घोड्याएवढा. मानेवर दाट केस, शिंगांत अडकलेल्या फर्नच्या ओल्या फांद्या, नाकातून निघणारी वाफ संधिप्रकाशातही दिसत होती. एवढा मोठा जीव पानाचाही आवाज न करता आला कसा, हेच समजेना. त्याने मान उचलून सरळ उजेडाच्या खिडकीकडे बघितलं. एक कान वळवला. यतीनचा घास ताटातच राहिला. आता जाईल, आता उडी मारून जाईल.

सांबराने मान खाली घातली आणि ते खाऊ लागलं. ओट तुटल्याचा आवाज घरात ऐकू येत होता. त्याच्या मागून दोन माद्या बाहेर आल्या, एकीच्या पायांत घोटाळणारं पिल्लू.

"एरवी आपण कुकर लावतो, भांडतो, पडदे ओढून टीव्ही बघतो, तेव्हा येत असणार हे," कौमुदी हळूच म्हणाली. "तू बघायला बसलास की घर दबा धरल्यासारखं गप्प होतं. त्यालाच घाबरत असतील."

उजवा हात खरकटा नसता तर यतीनने हात जोडले असते.

रेखाताई स्वयंपाकाच्या ओट्याला धरून कधी उभ्या राहिल्या ते कुणाला कळलं नाही. नर खात खात जाळीपाशी आला, अंगाने जाळीपेक्षा कितीतरी उंच, आणि त्यांच्याकडे पाठ करून निवांत उभा राहिला.

"केवढा रे हा," त्या म्हणाल्या. "एवढ्या जिवाला हा एवढासा वाफा पुरतो का? पुढल्या खेपेला मी आले की वरचा उतारही नांगरून घेऊ."