काट्याच्या दांडीची गिटार

“कोणाले खरं वाटणार नाही साहेब, पण जुना काटा हाच आहे,” असं म्हणून उकंडानं गिटार दोन्ही हातांनी वर उचलली.

ग्रामपंचायतीच्या ओसरीत हशा पिकला. बाजार समितीचे साहेब तेवढे हसले नाहीत. ते घाटंजीहून तासभर जीपमध्ये आदळत आले होते, आणि त्यांना तपासायला हवा होता तो व्यापारी शंकरसिंगचा जुना तोलकाटा. त्यावर अख्ख्या गावाचा कापूस तीन हंगाम मोजला गेला होता. कापसाची ती वर्षंच तशी होती. सरकारी खरेदी केंद्र उघडेपर्यंत थांबायची ताकद कोणातच नव्हती. वेचलेलं गाठोडं सरळ शंकरसिंगच्या अंगणात जायचं, आणि तिथं गेल्यावर हलकं व्हायचं. कुजबुज सगळ्यांनी केली. तक्रार लिहून दिली ती एकट्या कांताबाईनं.

आता त्या अंगणात नवा इलेक्ट्रॉनिक काटा होता. साहेबांनी तो आधीच तपासला होता. तो ग्रॅमचीही चूक करत नव्हता.

“जुना मोडला, जळतनात विकला,” शंकरसिंग म्हणाला. “पुरावा नसन, तं बाईनं सगळ्यांसमोर माफी मांगावी. मले चोर म्हणते म्हणजे काय? आत्ताच मांगावी. इथंच.”

जळतनाच्या ढिगातून त्या जुन्या काट्याची दांडी उचलली होती उकंडानं. एसटीतून रिटायर झालेला हा ड्रायव्हर. म्हातारपणी लोक माळ धरतात, यानं गिटार बनवायचा नाद धरला. वाजवायची नव्हती, नुसती बनवायची होती. कडेच्या फळ्या त्यानं भिजवून ट्रकच्या तापल्या सायलेन्सरवर वाकवल्या. दोन मोडल्या असं तो सांगतो, त्याची बायको अकरा सांगते. पोट देवदाराच्या खोक्याचं. आणि मान म्हणजे शंकरसिंगच्या काट्याची शिसवी दांडी. आठ महिने रंधा मारून मारून त्यानं ती गुळगुळीत केली होती.

कांताबाईचा सगळा संताप त्या मानेवर आला. “दांडी साबूत असती तं साहेबानं तिच्या दोन्ही बाजू मोजल्या असत्या! माह्या पुराव्याचा भुसा केला तू, उकंडाभाऊ! तुह्या शौकापायी मी आता या माणसाच्या पाया पडू?”

उकंडाची मान खाली गेली. साहेबांनी गिटार हातात घेतली, उलटीसुलटी केली, परत दिली.

“याच्यावर मी काय तोलू, काका? तक्रार निकाली काढतो. बाई, तुमचं तुम्ही मिटवून घ्या.” त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“चाल, लवकर आटप,” शंकरसिंग कांताबाईला म्हणाला आणि पाय लांब करून बसला.

ती उभी राहिली. समोर दगड असता तर तिनं तो उचलला असता.

“थांब व बाई,” उकंडा म्हणाला. “साहेब, चहा येऊन राह्यला. तोवर हिचा एक सूर तं ऐका.”

त्यानं तार छेडली. मांजरीच्या शेपटीवर चाक गेल्यासारखा आवाज आला. भजनात पेटी वाजवणारा फुलसिंग कानावर हात ठेवून ओरडला, “काका, सूर खाली येऊन राह्यला! पडदे बसवताना माप चुकलं तुह्यं!”

“चुकलं असतं, तं एखादा सूर वर गेला असता, एखादा खाली आला असता. चूक दोहीकडं जाते, बाप्पा. हा सूर दर खेपेले खालीच येते.”

दोघेतिघे हसता हसता थांबले.

“खोड आहे ते दांडीची,” उकंडा सांगू लागला. “शंभर सूर वाजवले का पंच्याण्णव बाहेर येतेत. पाच हे आतच ठेवून घेते. मी भोकातून हात घालून पाह्यलं, तं पोटात वंजळभर सूर! अंगणात वाळत टाकले, चिमण्यायनं नेले.”

शंकरसिंगनं मांडीवर थाप मारली. “अरे लबाडा! काय फेकते!”

“हे तं उन्हाळ्यातलं सांगितलं. थंडीत दांडी आकसते. मंग आठ ठेवते. शंभरामागं आठ.”

“क्विंटलमागं आठ किलो?” मागून कोणीतरी विचारलं. त्या आवाजात हसू नव्हतं.

“आठ तं माणसायचे. हे दांडी समोरचा पाहून ठेवते ना! लेकरू आलं का दहा. बाईमाणूस एकटी आली, का बारा.” उकंडानं गिटारीचं पोट थोपटलं. “कांताबाईचे गाणे म्हटले परवा. शंभराचे अठ्ठ्याऐंशी झाले. बारा किलो, साहेब! देवाची आण घेऊन सांगतो.”

आता कोणीच हसत नव्हतं. बळीरामनं खांद्यावरचा दुपट्टा काढून कमरेला बांधला आणि पायरी चढून वर आला. त्याच्यामागं आणखी चौघं आले. “बारा?” फुलसिंग दात आवळून म्हणाला. “आमच्या घामाचे बारा किलो?”

शंकरसिंगनं लांब केलेले पाय आखडून घेतले. एकेक तोंड पाहिलं. मग ताडकन उठून त्यानं साहेबांचा हात धरला.

“साहेब, साफ खोटं बोलून राह्यला हा म्हातारा! दोन किलोच्या वर मी आजलोक कोणाचाच कापूस मारला नाही! या बाईचे बी दोनच मारले, आईची आण!”