धुतलेल्या नळीची पहिली गोळी

थोरल्याने नळीत चौथी चिंधी घातली, गज तळापर्यंत दाबला आणि चिंधी बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. पांढरीशुभ्र. तरी त्याने पाचवी घेतली. बंदूक सात महिन्यांत झाडलीच नव्हती, पण हातांना काहीतरी हवं होतं.

उद्या अकरा वाजता चौकशी समितीपुढे त्याचा जबाब होता. प्रश्न एकच: गोळी सुटली तेव्हा लाल झेंडा वर होता की खाली?

दोघे भाऊ ठासणीच्या बंदुका बनवायचे. तयार झालेली बंदूक थोरला मैदानाच्या या टोकाला झाडायचा. धाकटा त्या टोकाला, निशाणाच्या कागदाखाली खणलेल्या खड्ड्यात बसायचा. कागद लावायला वर आला की तो झेंडा उभा करायचा आणि परत खड्ड्यात उतरला की खाली घ्यायचा. झेंडा खाली म्हणजे गोळी झाड.

इतर लोक धुतलेल्या नळीची पहिली गोळी मातीत वाया घालवतात. नळीत तेलाचा अंश राहतो, ती गोळी भलतीकडेच जाते. जरा काजळी धरली की पुढच्या नीट बसतात. थोरल्याला हे पटत नसे. शिकार काय दुसऱ्या गोळीची वाट बघत थांबते? पहिली गोळी कुठेही जाऊ दे, पण रोज एकाच जागी जाऊ दे, मग नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी सरकवून तिला मध्यावर आणता येते, असं त्याचं म्हणणं. त्यापायी दोघांनी चार वर्षं घालवली. गोळ्या कुठेही जायच्या म्हणून कागद माणसाएवढा उंच लावलेला असे. रोज नळी धुवायची, एक गोळी झाडायची, धाकट्याने भोक मोजून वहीत लिहायचं. भोक बघितल्याशिवाय पेन उघडायचं नाही, हा थोरल्याचा दंडक होता आणि धाकट्याने तो एकदाही मोडला नव्हता.

शेवटच्या तीन महिन्यांत गोळी वठणीवर आली. रोज त्याच जागी. धाकटा म्हणायचा, "दादा, तुझी गोळी म्हणजे रुसका जावई. बोलावलं तिथे बसत नाही, पण बसतो आपल्या ठरलेल्याच खुर्चीत." थोरला माशी सरकवायला निघाला, तर धाकट्यानेच थांबवलं. अजून आठवडाभर खात्री करू म्हणाला.

त्या आठवड्यातली ती सकाळ. एकच गोळी सुटली. धाकटा कागदामागे उभा होता. थोरला धापा टाकत पोहोचला तेव्हा सगळं संपलं होतं. गोळी थेट काळजात, जागच्या जागी गेला, असं डॉक्टर म्हणाले.

झेंडा खाली होता. थोरल्याच्या डोळ्यांपुढे तो अजून स्पष्ट होता. पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून भावजय त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

आज ती दारात उभी राहिली. हातात दोरीने बांधलेलं, लाखेचं सील लावलेलं कागदी पुडकं होतं. थोरल्याने बंदूक बाजूला ठेवली आणि तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

मुलीला शाळेत कोणीतरी म्हणालं होतं, तुझा बाबा झेंडा खाली टाकून वर आला, वेंधळा होता. ती दोन दिवस जेवली नव्हती. भावजयीने एवढं सांगितलं. मग म्हणाली, "भाऊजी, ते घराची कडीसुद्धा दोनदा बघायचे. ते झेंडा विसरतील? तुम्ही मला खरं सांगा. मी भांडणार नाही."

झेंडा वर होता म्हटलं तर थोरल्याचा परवाना जाईल, बहुधा तुरुंगही होईल. खाली होता म्हटलं तर ती पोर आयुष्यभर वेंधळ्या माणसाची मुलगी राहील. आणि भाऊ गेला तो आपल्याच बोटाने, त्यात काय फरक पडणार होता? त्याला भावाची फार आठवण आली.

"वर होता," तो म्हणाला. "मी बघितलंच नाही. माझी चूक. उद्या तसंच लिहून देतो."

भावजय कितीतरी वेळ रडली. मग पदराने तोंड पुसलं आणि जवळ येऊन, सात महिन्यांत पहिल्यांदा, तिने वाकून त्याला नमस्कार केला. "निदान बोललात," ती म्हणाली. "आता मी पोरीला ताठ मानेने सांगीन."

पुडकं तिने बाकावर ठेवलं. धाकट्याची वही होती. पोलिसांनी खड्ड्यातल्या डब्यातून काढून सीलबंद दिली होती. ते अक्षर बघायचा तिला धीर झाला नव्हता. तुम्हीच ठेवा म्हणाली आणि गेली.

थोरल्याने सील तोडलं. पानामागून पान तेच सुबक अक्षर. आधी गोळ्या कुठेकुठे भरकटलेल्या, मग हळूहळू एका जागेकडे सरकत आलेल्या. तो बोट फिरवत वाचत गेला. डोळे भरून येत होते, पण बरं वाटत होतं. भाऊ शेजारी बसून मापं सांगतोय असं वाटत होतं.

शेवटच्या पानावर शेवटची ओळ होती. तारीख त्याच सकाळची, जेव्हा भोक मोजायला तो उरलाच नव्हता. अक्षर नेहमीसारखंच, कुठे घाई नाही, खाडाखोड नाही.

"नळी धुतलेली. पहिली गोळी. मध्यापासून वीतभर उजवीकडे, चार बोटं वर. ठरलेल्या जागीच."